धुक्यात ऐकलेले दोन शब्द

मी महामार्ग बोलतोय. डच सरकारच्या नकाशावर माझं नाव ए-वीस. इथले लोक मला 'आ ट्विंतिख' म्हणतात आणि पुण्यामुंबईहून आलेली मंडळी 'ए ट्वेंटी'. रॉटरडॅम शहराच्या उत्तर अंगानं मी निघतो, कापेलच्या वस्तीला खेटून पूर्वेकडे जातो आणि गौड्याजवळ दुसऱ्या एका महामार्गाला मिळतो. 'जातो' म्हणायची आपली पद्धत. जातात गाड्या, मी आहे तिथंच पडून असतो.

माझा जन्म एकदम झाला नाही. तुकड्यातुकड्यानं झाला, आणि तोही चिखलात. या देशात खणलं की दगड लागत नाही, पाणी लागतं. म्हणून माझ्यासाठी आधी वाळू आणून टाकली. वाळू खचली, पुन्हा टाकली. माणसं कंबरेवर हात ठेवून ती खचायची थांबण्याची वाट बघत उभी राहायची. अजूनही मी दरवर्षी थोडा थोडा बसतोच आहे. न्यूवरकेर्क गावाजवळ तर मी समुद्राच्या पाण्यापेक्षा एका दुमजली घराएवढा खाली आहे. बंधारे आहेत म्हणून कोरडा. तिथं धुकं येतं तेव्हा पाहुण्यासारखं येत नाही, आपल्या घरी आल्यासारखं येतं.

लहानपणी माझ्या दोन्ही बाजूंना गाई होत्या. मग घरं आली, कार्यालयं आली, आणि माझा आवाज सहन होत नाही म्हणून मधे उंच भिंती आल्या. मला वाईट वाटलं नाही. आवाज करतोच मी.

माणसाला गाडीत बसलं की वाटतं, आपल्याला कुणी बघत नाही. एकटा माणूस माझ्यावरून जाताना मोठ्यानं गातो, साहेबाला द्यायची उत्तरं घोकतो, रडतो आणि पुढच्या वळणाआधी डोळे पुसतो. मी ते सगळं ऐकतो. मराठीही मी अशीच शिकलो. दोन हजार सालानंतर कापेलच्या नव्या इमारतींमध्ये कॉम्प्युटरवाली मराठी जोडपी राहायला आली, आणि सकाळी सकाळी माझ्यावर ऐकू यायला लागलं, "हो आई, जेवलो. नाही आई, थंडी तेवढी नाही. अगं आई, गाडी चालवतोय, ठेवू का?"

त्यातलाच एक प्रतीक. हूफडॉर्पच्या एका कंपनीत काम करायचा. गाडी चांगली चालवायचा आणि ते त्याला माहीत होतं. पुणेरी रहदारीत तयार झालेला माणूस, त्याला इथली शिस्त म्हणजे खेळ वाटायचा. त्याची बायको वृंदा. ती वाखनिंगनच्या विद्यापीठात बटाट्याच्या रोगावर संशोधन करायची. वाखनिंगन माझ्या दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे, लांब. म्हणून ती आठवडाभर तिथं एका खोलीत राहायची आणि शुक्रवारी घरी यायची. तिला गाडी येत नव्हती. पुण्यात तिनं स्कूटर सोडून काही चालवलं नव्हतं.

"तू शीक ना," प्रतीक एकदा तिला स्टेशनवरून आणताना म्हणाला होता, "मग तूच मला फिरवशील." आणि लगेच स्वतःच हसला होता. "नको, पण. तू रिक्षावाल्यालाही आधी जाऊ देतेस."

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत एका सकाळी प्रतीक उत्रेख्तच्या एका ग्राहकाकडे निघाला. न्यूवरकेर्कच्या खोलगट भागात धुकं बसलं होतं. माझ्या डोक्यावरच्या पाट्यांवर पन्नासचा आकडा लागला होता, पण निम्म्या गाड्या तो पाळत होत्या आणि निम्म्या नव्हत्या. पुढे कुठंतरी एक ट्रक थांबला. त्याच्या मागची छोटी निळी गाडी थांबू शकली नाही. ती ट्रकच्या मागच्या बाजूत घुसली.

निळ्या गाडीमागे प्रतीक होता. त्यानं ब्रेक दाबला आणि त्याची गाडी हातभर अंतरावर उभी राहिली. मग मागून एका व्हॅननं त्याला धक्का दिला. त्याला फारसं लागलं नाही. इथं नियम असा की अशा वेळी गाडीतून उतरायचं आणि कठड्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. व्हॅनवाला नियमाप्रमाणे कठड्यापलीकडे गेला. ट्रकवाला फोनवर मदत मागवत होता. प्रतीक मात्र पुढे धावला.

निळ्या गाडीत एक म्हातारा गृहस्थ होता. कोर फर्हूफ त्याचं नाव, मोर्द्रेख्त गावचा, निवृत्त सुतार. मी त्याला बरीच वर्षं ओळखत होतो. रविवारी बायकोबरोबर मुलीकडे जायचा, आणि दोघांचं खिडकी उघडायची की नाही यावरून भांडण व्हायचं. त्या दिवशी तो एकटा होता. दार उघडत नव्हतं. प्रतीकनं फुटलेल्या काचेतून हात आत घातला आणि त्याचा हात धरला.

प्रतीकच्या अंगात नुसता शर्ट होता. त्याचा कोट मागच्या सीटवर राहिला होता. धुकं गोठून माझ्यावर साय धरावी तसं बसलं होतं, आणि प्रतीकचे दात वाजत होते.

कोरनं डोळे उघडले. त्यानं प्रतीककडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "योंगन, दू या यास आन."

मला डच येतं. मला कळलं. तो म्हणाला, "पोरा, कोट घाल."

प्रतीकला डच येत नव्हतं. ऑफिसात इंग्रजी, दुकानात बोट दाखवलं की भागायचं. त्यानं नुसती मान हलवली. "येस," तो म्हणाला. "येस, येस." कोरनं डोळे मिटले. रुग्णवाहिका आली, माणसांनी प्रतीकला बाजूला केलं, कुणीतरी त्याच्या खांद्यावर चकाकतं पांघरूण टाकलं. कोर दुपारी इस्पितळात वारला. ते मला नंतर कळलं.

त्यानंतर प्रतीक माझ्यावर आला नाही.

कापेलजवळ माझ्यावरून एक सायकलपूल जातो. तो आता त्या पुलावरून सायकलनं स्टेशनवर जायचा आणि आगगाड्या बदलत हूफडॉर्प गाठायचा. पुलावर आला की थांबायचा. कठडा धरून खाली बघायचा. मागून येणाऱ्या सायकली घंटी वाजवायच्या, तो हलायचा नाही.

वृंदानं वाखनिंगनची खोली सोडली. नवऱ्याला एकटं ठेवणं तिला बरं वाटेना. ती आगगाडी, मग दुसरी आगगाडी, मग बस असं रोज जायला यायला लागली. पहाटेची जायची, जेवायच्या वेळेला परतायची, आणि पुलावर सायकल हातात धरून चालायची, कारण पायडल मारायची ताकद उरलेली नसायची. तिच्या प्रोजेक्टचं महत्त्वाचं वर्ष होतं. काचघरातली रोपं तिची वाट बघत थांबणार नव्हती.

एप्रिलमधल्या एका रविवारी दोघं पुलावर उभी होती.

"मी गाडी शिकणारे," वृंदा म्हणाली.

प्रतीक तिच्याकडे बघायला लागला. "कशाला?"

"वाखनिंगनला जायला. नाहीतर मला काम सोडावं लागेल. आगगाडीनं आणखी एक वर्ष माझ्याच्यानं होणार नाही."

"या रस्त्यानं?"

"दुसरा कुठलाय?"

"मग सोड काम," प्रतीक म्हणाला.

असं तो कधी बोलला नसावा. वृंदाचा चेहरा एकदम आक्रसला. मग तिनं विचारलं, "प्रतीक, तिथं काय झालं? अपघाताचं नाही विचारत. ते पोलिसांनी सांगितलं. तू काय बघितलंस?"

प्रतीक कठड्यावरून खाली माझ्याकडे बघत बोलला.

"त्यानं मला काहीतरी सांगितलं. कुणाला तरी आणायला सांगितलं."

"तुला डच कुठे येतं?"

"नाही येत. पण शेवटचे शब्द मला मराठीच ऐकू आले. 'यास आण.' आमचे आजोबा बोलायचे ना तसं. यास पाणी दे, त्यास बोलाव. यास आण. मला माहितीये ते मराठी नव्हतं, वेडा नाहीये मी. पण मला तेच ऐकू येतं. आणि मी काय केलं? येस येस म्हटलं. त्याला वाटलं असेल, हा आणतोय. बायकोला, मुलाला, जे कुणी असेल त्याला. तो वाट बघत गेला, वृंदा."

"आपण विचारू ना कुणाला. माझ्या लॅबमधल्या—"

"नको. कुणाला विचारायचं नाही." त्यानं कठडा घट्ट धरला. "त्याचा अर्थ याहून वाईट निघाला तर? मला शब्द दे."

तिनं शब्द दिला. मी खाली पडून होतो, आणि माझ्याजवळ अर्थ होता. माणसाला एखादी गोष्ट सांगता येत नाही तेव्हा त्याला काय होतं ते मला ठाऊक नाही. मला मात्र त्या दिवशी माझ्या अंगावरून जाणारं प्रत्येक चाक जड लागत होतं.

वृंदानं प्रोजेक्ट सोडला नाही. शिकवणी लावली. तिला शिकवायला रामदिनबाई यायच्या. सुरिनामहून लहानपणी इथं आलेल्या, पणजोबा बिहारचे, कपाळावर टिकली, तोंडात डच आणि त्यांची स्वतःची एक हिंदी. रॉटरडॅमच्या निम्म्या बायकांना त्यांनीच गाडी शिकवली असावी.

गल्लीबोळांत वृंदा ठीक चालवायची. गोलचौकात ठीक. पण माझ्यावर चढायच्या पट्टीवर आली की तिचा पाय आपोआप वर यायचा. माझ्या उजव्या पट्टीत गाड्या शंभरनं चाललेल्या, आणि ही साठवर येऊन मागे बघत राहायची. पट्टी संपत आली की रामदिनबाई आपल्या बाजूचा ब्रेक दाबायच्या.

"बेटी, इथं थांबायचं नसतं," त्या आपल्या हिंदीत म्हणायच्या. "रुकना मत. तू थांबलीस तर मागचा काय करेल? वेग घे, आरशात बघ, आणि घूस. ते जागा देतात."

"आणि नाही दिली तर?"

"देतात. शिव्या देतात, पण जागा देतात."

परीक्षेत ती एकदा नापास झाली. मग आणखी एकदा. दोन्ही वेळा माझ्यावर चढतानाच. दुसऱ्या वेळी परीक्षकानं गाडी बाजूला घ्यायला लावली, आणि वृंदा स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसली. घरी प्रतीकला बरंच वाटलं असेल आणि त्याची लाजही वाटली असेल, असं मला आपलं वाटतं.

नोव्हेंबर आला. शहराच्या बाजूला माझ्यावर ऐंशीच्या मर्यादेच्या नव्या पाट्या लागल्या, कारण भिंतीपलीकडच्या लोकांना माझ्या धुराचा त्रास होत होता. गावाबाहेर मात्र शंभर-एकशेवीस चालूच होतं. अशा एका दुपारी, झोंबरा वारा सुटलेला असताना, वृंदा माझ्यावर चढली. पट्टीच्या शेवटाला न थांबता चढली. एका दुधाच्या टँकरनं वेग कमी करून तिला आत घेतलं. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती आत आली होती. न्यूवरकेर्कचा उतार आला, ती जागा आली. तिला कुठली जागा ते नक्की माहीत नव्हतं, मला होतं. ती जागाही गेली.

पुढच्या पेट्रोल पंपावर रामदिनबाईंनी गाडी आत घ्यायला सांगितली. वृंदा दार उघडून बाहेर पडली आणि पातळ स्वेटरवरच उभी राहिली. ती हसत होती.

रामदिनबाई दुसऱ्या दारातून उतरल्या. त्यांनी मागच्या सीटवरचं तिचं जाकीट उचललं, गाडीच्या टपावरून तिच्याकडे फेकलं आणि आपल्या मुलीला ओरडावं तशा डचमध्ये ओरडल्या, "मेत, दू या यास आन!"

जाकीट वृंदाच्या हातातून खाली पडलं.

"काय म्हणालात?"

"अगं, थंडी वाजतेय ना तुला?"

"नाही, पुन्हा म्हणा. तसंच म्हणा."

"दू या यास आन." रामदिनबाई गोंधळल्या. "यास म्हणजे कोट. कोट पहन ले. एवढं पण शिकली नाहीस या देशात?"

वृंदा तिथंच टायरला टेकून खाली बसली. रामदिनबाईंना वाटलं, पोरीला चक्कर आली. त्या धावत पाणी घेऊन आल्या. वृंदानं पाणी घेतलं नाही. तिनं त्यांचा हात धरला आणि धरूनच ठेवला, आणि बाईही मग तिच्या शेजारी त्या तेलकट फरशीवर बसल्या.

तिनं घरी जाऊन प्रतीकला सांगितलं नाही. संध्याकाळी तो स्टेशनवरून यायच्या वेळी ती पुलावर जाऊन उभी राहिली. सूर्य मावळलेला होता, माझ्यावर दिव्यांची रांग लागली होती. तो आला आणि तिला बघून सायकलवरून उतरला.

"प्रतीक, मी शब्द मोडला नाही," ती म्हणाली. "मी कुणाला विचारलं नाही. ते आपोआप माझ्यापुढे आलं."

आणि तिनं सांगितलं. यास म्हणजे कोट. यास आन म्हणजे कोट घाल.

प्रतीकला पहिल्यांदा कळलंच नाही. "कुणाचा कोट?"

"तुझा. तू शर्टावर होतास ना?"

त्यानं सायकल सोडून दिली. ती आडवी पडली, चाक फिरत राहिलं. त्यानं दोन्ही हातांनी स्वतःच्या छातीवर चाचपून पाहिलं, जणू काय घातलंय ते त्याला आत्ताच बघायचं होतं.

"म्हणजे त्याला मी दिसत होतो," तो म्हणाला. "मला वाटत होतं तो माझ्या आरपार दुसऱ्या कुणाला तरी बघतोय. त्याला मीच दिसत होतो."

मग तो रडला. इतक्या महिन्यांत मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. सायकलवाले घंटी वाजवत गेले, एक जण थांबला, त्यानं आडवी पडलेली सायकल उचलून कठड्याला लावली आणि तो पुढे गेला.

तिसऱ्या परीक्षेत वृंदा पास झाली. एक जुनी लाल गाडी घेतली. प्रतीक पहिल्यांदा तिच्या शेजारी बसला तेव्हा त्याचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. ती म्हणाली, "खाली जमिनीला भोक पडेल." तो हसला नाही, पण पाय थोडा मागे घेतला.

त्या दिवशी ती दोघं मोर्द्रेख्तला निघाली होती. पोलिसांमार्फत निरोप जाऊन कोरच्या बायकोनं, रीटबाईंनी, त्यांना बोलावलं होतं. तिथं काय झालं ते मला दिसलं नाही. मी फक्त परत येतानाचं बोलणं ऐकलं.

वृंदा म्हणाली, "रीटबाईंनी विचारलं तेव्हा तू खोटं का नाही बोललास?"

दोघांच्या बोलण्यातून कळलं, रीटबाईंनी विचारलं होतं, 'शेवटी त्यानं माझं नाव घेतलं का?' त्यांची मुलगी इंग्रजीत सांगत होती.

"मनात आलं होतं," प्रतीक म्हणाला. "एकदा वाटलं, म्हणावं हो, घेतलं. कुणाला कळणार होतं? पण त्याचं एवढं एकच वाक्य माझ्याकडे होतं, वृंदा. त्यात माझ्या पदरचं काही घालवेना."

"मला वाटलं आता त्या कोसळणार."

"मलाही."

"आणि हसल्याच एकदम."

"हो." प्रतीकचा आवाज जरा ओला झाला. "म्हणाल्या, लग्न झाल्यापासून रोज मला हेच सांगायचा आणि मी रोज चिडायची. मग काय म्हणाल्या ते ऐकलंस ना नीट? म्हणाल्या, माझं नाव घेतलं असतं तर मला वाटलं असतं तो घाबरला होता. समोरच्या पोराला थंडी वाजतेय हे ज्याला दिसतं, तो घाबरलेला नसतो."

वृंदानं डाव्या हातानं डोळे पुसले आणि हात लगेच पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला. समोर एक लांबलचक ट्रक होता. तिनं आरसा बघितला, दिवा दाखवला आणि त्याला ओलांडून पुढे गेली.

आता दोन हजार सहाचा शरद ऋतू चालू आहे. माझ्या अंगावर परवाच नवं डांबर चढलं. जुनं खरवडून ट्रकमध्ये भरून नेलं, त्यात त्या अपघाताचे ओरखडेही गेले. नवं डांबर सच्छिद्र आहे, पाऊस पिऊन टाकतं, आणि माझा आवाजही त्यानं थोडा कमी झाला आहे म्हणतात. मला बरं वाटतंय, थोडं खाजतं एवढंच.

प्रतीक अजून गाडी चालवत नाही. माझ्यावर तर नाहीच. आगगाडीनं जातो, वाटेत डच शिकतो, असं वृंदा रामदिनबाईंना फोनवर सांगत होती. कधी चालवेल, चालवेल की नाही, मला माहीत नाही. सगळ्यांनी चालवलंच पाहिजे असंही काही नाही. वृंदा मात्र रोज येते. सकाळी रोपांकडे, संध्याकाळी घराकडे.

आज शनिवार. तिची वाखनिंगनमध्ये रोपं बघायची पाळी होती, आणि प्रतीक सोबत निघाला होता. कापेलची पट्टी संपता संपता ती सहज आत आली. तो आधी काहीतरी बोलत होता, सुट्टीत आईबाबा आले तर त्यांना कुठं न्यायचं वगैरे. मग त्याचं बोलणं तुटक झालं. न्यूवरकेर्कचा उतार लागला तेव्हा धुक्याचा पातळ पट्टा माझ्यावर आडवा पडला होता. वृंदानं वेग कमी केला आणि शेजारी बघितलं.

त्याची मान खांद्यावर कलली होती. तोंड थोडं उघडं होतं. दोन्ही पाय पसरलेले, सैल.

तुम्ही कधी माझ्यावरून गेलात आणि पुढे एक जुनी लाल गाडी जरा सावकाश चाललेली दिसली, तर दिवे चमकवू नका, हॉर्न वाजवू नका. थोडं अंतर ठेवून मागून या. आत माणूस झोपला आहे.